फळा, पडदा आणि प्रश्न
इतिहासाच्या तासाला स्लाइड-सादरीकरणाचा सर्जनशील वापर

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत काळा फळा, खडूची धूळ आणि गुंडाळी उलगडून खिळ्याला टांगलेला नकाशा असेल. आज त्याच भिंतीवर प्रोजेक्टरचा पांढरा पडदा आहे. साधन बदलले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु साधन बदलले म्हणजे शिक्षण बदलले, असे होत नाही. पॉवरपॉइंटसारख्या सादरीकरणाच्या साधनाचा वर्गात डोळसपणे वापर कसा करावा, याविषयी माझ्या अनुभवातून काही विचार प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रारंभी माझीच चूक सांगतो. महाडच्या सत्याग्रहावर मी पहिले सादरीकरण केले तेव्हा चाळीस स्लाइड तयार केल्या. प्रत्येक स्लाइडवर पुस्तकातील परिच्छेद आणि कोपऱ्यातून फिरत येणारी अक्षरे. मुलांनी तासभर मान खाली घालून सर्व काही वहीत उतरवले. अखेरीस मी विचारले, "तळे खुले करण्याचा ठराव आधीच झाला होता, तर मग सत्याग्रह का करावा लागला?" वर्ग निःशब्द. एक मुलगी धीर करून म्हणाली, "सर, ते स्लाइडवर नव्हतं." प्रत्येकाच्या वहीत सनावळी अचूक होती, प्रश्न मात्र एकाच्याही मनात उमटला नव्हता. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याची लेकरे अक्षरे मिळाल्यावर ती नुसतीच उतरवून घेत असतील, तर दोष त्यांचा नव्हे, शिकवणाऱ्याचा आहे.

साधनाचा स्वभाव

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्याचे प्रमुख शिल्पकार होत. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. हे साधन मुळात जन्मले ते व्यवसायातील बैठकांसाठी. बैठकीत बोलणाऱ्याला आपले म्हणणे समोरच्यांच्या गळी उतरवायचे असते. म्हणून मुद्दे, बाण आणि निष्कर्ष तयारच असतात. वर्गात आपल्याला नेमके उलट हवे असते. निष्कर्ष विद्यार्थ्याने काढावा, आपण फक्त पुरावा समोर ठेवावा. हा फरक ओळखला की पुढील युक्त्या आपोआप सुचतात.

भारहुतचा धडा

चित्र आणि मोजके शब्द यांच्या मेळातून शिकवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भारहुत येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास उभारलेल्या स्तूपाच्या कठड्यावर जातककथा आणि बुद्धचरित्रातील प्रसंग कोरलेले आहेत. त्यांतील अनेक शिल्पांवर ब्राह्मी लिपीत छोटीशी ओळ आहे : हा प्रसंग कोणता, एवढेच सांगणारी. हे अवशेष आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. एक चित्र, एक ओळ. उरलेले सांगणाऱ्याने सांगावे आणि पाहणाऱ्याने शोधावे. उत्तम स्लाइडची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेतल्याचे तेथील शिल्प मी वर्गात असे दाखवतो. पहिल्या स्लाइडवर संपूर्ण चित्र नाही. केवळ जमिनीवर मांडलेल्या चौकोनी तुकड्यांचा कापून घेतलेला भाग. "हे काय असावे?" कोणी फरशी म्हणतो, कोणी विटा. दुसऱ्या स्लाइडवर शेजारी सोडलेली बैलगाडी दिसते. तिसऱ्या स्लाइडवर पूर्ण शिल्प. मग उलगडते की ती नाणी आहेत. भूमी नाण्यांनी झाकून तिचे मोल चुकवले जात आहे. चौकोनी नाण्यांवरून आहत नाण्यांचा विषय निघतो. "यात बुद्ध कुठे आहेत?" असे एखादा विचारतोच. त्या काळच्या शिल्पांत तथागत मानवी रूपात नसून वृक्ष, आसन अशा प्रतीकांतून सूचित केले जात, हे तेव्हा सांगितले की कायमचे लक्षात राहते. तीन स्लाइड, एक तास.

महाडचा धडा, दुसऱ्यांदा

फसलेला पाठ मी पुन्हा बांधला. आता त्यात आठच स्लाइड आहेत. पहिल्या स्लाइडवर तळ्याचे छायाचित्र आणि एकच प्रश्न : "हे पाणी कोणाचे?" दुसऱ्या स्लाइडवर दोन नोंदी : सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ४ ऑगस्ट १९२३ चा मुंबई कायदेमंडळातील बोले ठराव आणि १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव. तिसरी स्लाइड मुद्दाम कोरी. १९२४ ते १९२७ या काळात तळ्यावर काय घडले असेल, ते मुलांनी सांगायचे. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांतील अंतर मुले स्वतः ओळखतात. त्यानंतरच २० मार्च १९२७ ची स्लाइड येते.

पुढे स्लाइडला दुवे जोडण्याची सोय वापरतो. "सत्याग्रहानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. तुम्ही नगरपालिकेचे सभासद आहात. ठराव कायम ठेवाल की मागे घ्याल?" वर्ग जे उत्तर देईल त्यावर टिचकी मारली की वेगळी स्लाइड उघडते आणि त्या निर्णयाचे परिणाम चर्चेला येतात. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये प्रत्यक्षात ठराव मागे घेतला, हे मुलांना नंतर कळते. शेवटच्या स्लाइडवर १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल असतो. एका ओंजळीपासून त्या निकालापर्यंत दहा वर्षे लागली, हे गणित मुलेच करतात.

काही व्यावहारिक सूचना

एका स्लाइडवर एकच विचार असावा. अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता आले पाहिजे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतो. पॉवरपॉइंट नसेल तर लिबरऑफिस इम्प्रेस विनामूल्य मिळते.

प्रत्येक चित्राखाली ते छायाचित्र आहे की नंतर काढलेले चित्र, हे लिहावे. महाडच्या प्रसंगाची जी चित्रे आज सर्वत्र दिसतात, त्यांतील बरीचशी पुढच्या काळातील चित्रकारांची कल्पना आहे. श्रद्धेने पाहावीत, पण पुरावा म्हणून वापरू नयेत. हा भेद शिकवणे हेच इतिहासाचे शिक्षण.

सादरीकरण चालू असताना कळफलकावरील 'बी' ही कळ दाबली की पडदा काळा होतो. या साधनातील ही सर्वांत मोलाची कळ आहे असे मी मानतो. पडदा विझला की डोळे एकमेकांकडे वळतात आणि वर्ग बोलू लागतो.

रिमोट कोणाच्या हाती?

अखेरची पायरी म्हणजे सादरीकरण विद्यार्थ्यांनी करणे. दिवाळीच्या सुटीत गावी जाताना मी नववीच्या मुलांना काम दिले : आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी पाणी कोठून येई? त्यांची परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा आणि पाच स्लाइड करा.

एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने चारच स्लाइड आणल्या. विहीर, घागर, आजीचे हात. चौथ्या स्लाइडवर आजीचा आवाज होता. विहिरीपाशी घागर ठेवून दूर उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही तर रिकामे परतायचे, असे ती सांगत होती. आवाज सुरू होताच मुलाने स्वतःहून 'बी' दाबले. अंधाऱ्या वर्गात साठ मुले ऐकत राहिली. आवाज थांबल्यावर तो म्हणाला, "पाचवी स्लाइड केली नाही सर. पाचवी म्हणजे मी इथं उभा आहे ती." त्या दिवशी मला काही शिकवावे लागले नाही.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या घरी जुनी छायाचित्रे, परिषदांची पत्रके, शाळेचे दाखले पडून असतील. वडीलधाऱ्यांचा आवाज अजून ऐकू येत असेल. त्याची प्रत शाळेला द्यावी, मूळ वस्तू आपल्यापाशीच जपावी. प्रोजेक्टर देणगीतून मिळतो; पडद्यावर काय दाखवायचे ते मात्र आपल्याच घरांतून यावे लागते. आणि मुले आपल्याला प्रश्न विचारू लागली, तर त्यांना थांबवू नये. आपल्या शाळेचे यश त्या प्रश्नांतच मोजावे.