फट कधी पडली?

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात वीस वर्षं अंगणवाडी चालवणाऱ्या एका ताईंच्या घरी भिंतीवर दोन फोटो शेजारी-शेजारी लावलेले आहेत. एक त्यांच्या स्वतःच्या लग्नातला, दुसरा थोरल्या मुलीच्या लग्नातला. पहिल्यात लाजून ओठ जेमतेम विलगलेत, पण वरचे समोरचे दोन दात एकमेकांना लागून असलेले स्पष्ट दिसतात. दुसऱ्यात ताई मोकळेपणाने हसताहेत आणि त्याच दोन दातांच्या मधे गव्हाचा दाणा अडकेल एवढी फट आहे. मधल्या चोवीस वर्षांत ती नेमकी कधी पडली, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

"कुणी विचारलंच नाही," ताई म्हणतात. "मीसुद्धा डॉक्टरांना एवढंच म्हणाले, की ही फट फोटोत वाईट दिसते, तेवढी बुजवून द्या. त्यांनी दिली बुजवून."

लग्नाचा अल्बम हातात आला ते २०१७ साल. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात तासाभरात काम झालं. दोन्ही दातांच्या कडांना दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट लावून ते रुंद केले, वर निळा दिवा धरून ते घट्ट केलं आणि फट नाहीशी झाली. दुखलं नाही, खर्चही झेपला. एक्स-रे काढला नाही, हिरड्या मोजल्या नाहीत, साखर कधी तपासली होती का, हेही कुणी विचारलं नाही. दीडेक वर्षात भरलेल्या दोन कडांच्या मधून पुन्हा उजेड दिसायला लागला. डावा दात उजव्यापेक्षा लांब भासू लागला, किंचित पुढेही आला. मग समोरच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडताना तो हलल्यासारखा वाटू लागला. तेवढ्यात टाळेबंदी आली. अंगणवाडीचा शिधा घरोघर पोचवण्याच्या धावपळीत दाताचं राहूनच गेलं.

२०२० संपता संपता त्या पुण्यातल्या एका दंत महाविद्यालयात गेल्या. तिथल्या मुलीने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, खुणा असलेली एक बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सरकवली आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला आकडे सांगत गेली. दात आणि हिरडी यांच्यामधली खाच निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ताईंच्या उजव्या दातापाशी आकडा आला ६, डाव्यापाशी ९. एक्स-रेमध्ये डाव्या दाताभोवतीचं हाड मुळाच्या टोकापर्यंत झिजलेलं दिसलं. रक्त तपासायला पाठवलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, एचबीए१सी, ९.४ आली. ६.५ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह समजतात. आपल्याला मधुमेह आहे हे ताईंना त्या दिवशी दातांच्या दवाखान्यात कळलं.

डावा दात काढावा लागला.

ताई आज जे इतर बायकांना सांगतात, ते सगळं या एका मुद्द्यावर उभं आहे: लहानपणापासून असलेली फट आणि मोठेपणी नव्याने पडलेली फट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुतेक वेळा जबड्याची आणि दातांची ठेवण असते. दुसरी जवळजवळ नेहमी कशाचा तरी परिणाम असते, आणि तिशी-चाळिशीनंतर त्यात पहिला संशय हिरड्यांच्या आजारावर घ्यायचा. आपल्याकडे त्याला पूर्वीपासून पायोरिया म्हणतात. दातावर साचलेला मऊ थर वेळेवर निघाला नाही तर त्याचं किटण होतं, हिरडी सुजते आणि सूज आत उतरत गेली की दाताला धरून ठेवणारं हाड विरघळू लागतं. जीभ आतून ढकलते, ओठ बाहेरून आवरतो, चावताना खालचे दात वरच्यांवर आदळतात. हाड शाबूत असेतो दात या ओढाताणीत जागचा हलत नाही. हाड गेलं की तोच रोजचा दाब त्याला पुढे ढकलतो आणि पटाशीचे दात पंख्याच्या काड्यांसारखे फाकतात. अशा वेळी फट नुसती बुजवणं म्हणजे भिंत खचत असताना भेगेत सिमेंट भरणं. शिवाय हिरडीलगत भरलेल्या साहित्याच्या कडेला घाण जास्तच अडकते.

मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार झपाट्याने पसरतो, आणि हिरड्यांतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. ताईंच्या बाबतीत तिसरी गोष्टही होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज अजूनही खाली जातो. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंच्या सोबतीने त्यांना मिश्रीची सवय लागली. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. ग्रामीण महाराष्ट्रात कितीतरी बायका ती दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून दोन-तीनदा लावतात. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. "ब्रश करताना रक्त कधी आलंच नाही, म्हणून मला वाटायचं आपल्या हिरड्या चांगल्या आहेत," ताई सांगतात. रक्त येणं ही हिरड्यांची पहिली हाक असते. मिश्रीने त्या हाकेचाच गळा दाबला होता.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं येतात, त्यामुळे आयांचे प्रश्न आधी ताईंकडेच येतात. पोराचे दात विरळ आहेत, काही करायला हवं का? यावर त्यांचं उत्तर ऐकून आयांना नवल वाटतं, कारण दुधाच्या दातांमधली फट ही चांगली गोष्ट आहे. दुधाचे दात वीस आणि आकाराने लहान. त्यांच्या जागी येणारे समोरचे कायमचे दात चांगलेच रुंद असतात. मधे मोकळी जागा असली की त्यांना दाटीवाटी न करता बसता येतं. उलट ज्या मुलाचे दुधाचे दात अगदी चिकटून असतात, त्याचे कायमचे दात वेडेवाकडे येण्याची शक्यता जास्त.

सातव्या-आठव्या वर्षी वरचे दोन मोठे दात येतात, ते बऱ्याचदा बाजूला कललेले आणि मधे फट ठेवूनच. होली ब्रॉडबेंट या अमेरिकन दंततज्ज्ञांनी १९३७ मध्ये या टप्प्याला कुरूप बदकपिल्लाच्या गोष्टीवरून नाव दिलं. हाडात वर दडलेले सुळे खाली उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, म्हणून त्या दातांची टोकं बाहेर फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे बाहेर आले की तेच दात एकमेकांकडे सरकतात. साधारण दोन मिलिमीटरपर्यंतची फट अशी आपोआप मिटण्याची चांगली शक्यता असते. त्याहून मोठी असली तर मात्र एक्स-रे काढून बघावं. कधी दोन दातांच्या मधे हाडात एखादा जास्तीचा दात अडून बसलेला असतो, कधी शेजारचा दात मुळातच नसतो किंवा अगदी खुंटीएवढा असतो. कधी वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी पट्टी जाड असून दोन दातांच्या मधून थेट टाळूपर्यंत गेलेली असते. ओठ वर ओढून धरला आणि दातांमागची हिरडी पांढरी पडली, तर या पट्टीचा विचार करावा लागतो. अंगठा चोखण्याची किंवा गिळताना जिभेने दात ढकलण्याची सवयही फट राखून ठेवते. तिथे आधी सवय मोडावी लागते.

हे सगळं माहीत नसल्यामुळे ताईंच्या जावेच्या नातवावर काय ओढवलं असतं, ते ऐकण्यासारखं आहे. मुलगा आठ वर्षांचा. आईने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि पुढच्या दोन दातांना मिळून केसांचं बारीक रबर चढवलं. तीन-चार दिवसांत फट कमी दिसायला लागली, सगळे खूश. पाचव्या दिवशी सकाळी रबर दिसेना. झोपेत गिळलं असेल, असं ठरवून आईने दुसरं हातात घेतलं, तेवढ्यात ताई तिथे पोचल्या. त्यांनी पोराची हिरडी पाहिली, ती दातांच्या वर लालभडक सुजली होती. त्याच दुपारी त्याला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांनी हिरडी सुन्न करून आत सरकलेलं रबर बाहेर काढलं.

दाताचं मूळ वर निमुळतं होत जातं. त्याभोवती ताणलेलं रबर आखडताना अरुंद भागाकडेच घसरणार, म्हणजे हिरडीखाली, हाडाकडे. जाता जाता ते दाताला धरणारे तंतू आणि हाड कापत जातं. साध्या एक्स-रेमध्ये रबर दिसत नाही, म्हणून चांगल्या मुलाचे दोन दात अचानक का हलू लागले, हे डॉक्टरांनाही चटकन कळत नाही. अशा रबरापायी दोन्ही समोरचे दात गमावलेल्या मुलांची प्रकरणं दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदली गेली आहेत, आपल्या देशातलीही. हा प्रयोग घरी करायचाच नाही, एक दिवससुद्धा नाही.

तोंड न तपासता घरपोच प्लास्टिकचे साचे पाठवून दात सरकवण्याचा धंदाही काही वर्षं जोरात होता. त्यातली सगळ्यात मोठी अमेरिकन कंपनी स्माइलडायरेक्टक्लब सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरमध्ये बंद झाली. उपचार अर्धवट राहिलेली गिऱ्हाइकं रातोरात वाऱ्यावर पडली. पारदर्शक साचे वाईट नाहीत. हिरड्या आणि हाड तपासून तज्ज्ञाने दिले, तर फट मिटवायला ते उत्तम काम करतात. दात सरकवणारा माणूस तुमच्या तोंडात बघणारा हवा, एवढंच.

तो तज्ज्ञ कसा ओळखायचा? तारा लावणाऱ्याने बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलेलं असतं, हिरड्यांच्या तज्ज्ञाने पेरिओडॉन्टॉलॉजीमध्ये. विचारायला संकोच करू नये. खासगीत खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईतच नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. तिथे रांग असते, वेळ लागतो, पण शिकाऊ डॉक्टरच्या मागे अनुभवी शिक्षक उभा असतो. ताईंच्या हिरडीत पहिल्यांदा सळई गेली, ती अशाच एका शिकाऊ मुलीच्या हातून.

कारण कळलं की उपाय ठरवणं सोपं जातं. हिरड्या निरोगी आणि दात लहान असतील, तर कॉम्पोझिट हा चांगला मार्ग आहे. दात घासून काढावा लागत नाही, आणि पुढे विचार बदलला तर माघार घेता येते. चहाने त्यावर डाग पडतात, कडा उडू शकतात, आणि काही वर्षांनी ते नव्याने करावं लागतं. व्हिनीअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचे पातळ पापुद्रे, जास्त टिकतात, पण त्यासाठी बहुधा दाताचा थोडा थर कायमचा काढतात, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. विशीतल्या मुलीने लग्न ठरलंय म्हणून घाईघाईने निरोगी दात घासून घेऊ नयेत, असं या लेखिकेलाही मनापासून वाटतं. दात जागचे हलवायचे असतील तर तारा किंवा साचे. त्यांचा सगळ्यात दुर्लक्षित भाग शेवटी येतो. मधली फट पुन्हा उघडण्यात पटाईत असते, कारण हिरडीतले लवचीक तंतू नव्या जागी रुळायला वर्षभरही घेतात आणि तोवर दातांना मागे ओढत राहतात. म्हणून दातांच्या मागून एक बारीक तार कायमची चिकटवतात. ओठाची जाड पट्टी कापायची असेल तर तीही बहुतेक वेळा फट मिटवल्यानंतर. आधी कापली तर तिथला व्रण दातांना जवळ येऊ देत नाही.

आणि लहानपणापासूनची फट असेल, हिरड्या ठणठणीत असतील, आरशात बघताना ती खुपत नसेल, तर तिला हात लावायचं कारणच नाही. फ्रेंच लोक अशा दातांना सुखाचे दात म्हणतात. आपल्याकडेही कितीतरी आज्यांनी अशा नातीला भाग्यवान म्हटलेलं आहे.

ताईंनी मिश्री सोडली त्याला आता चार वर्षं झाली. पहिले दोन महिने सकाळी डोकं दुखायचं, हात आपोआप डबीकडे जायचा. हिरड्या उघडून आतलं किटण काढलं, हलणारे शेजारचे दात मागून तारेने एकमेकांना बांधले, आणि काढलेल्या दाताच्या जागी नवा बसवला तो साखर सातच्या आत आल्यावरच. दर तीन महिन्यांनी त्या पहाटेच्या एसटीने पुण्याला जातात. सळई फिरते, आकडे वाचले जातात, आणि मागच्या खेपेला चारच्या वर एकही आकडा आला नाही. जावेचा नातू आता दहा वर्षांचा आहे. त्याची फट अजून तशीच आहे. उजवीकडच्या सुळ्याचा फुगवटा हिरडीवर बोटाला लागायला लागलाय, आणि ताई भेटल्या की तो स्वतःच ओठ वर करून दाखवतो.