युधिष्ठिर फासे खेळावयास कोठे शिकला?

चातुर्मासात आपल्या मंदिरात वनपर्वाचे वाचन चालू असताना एका सभासदांनी वडिलांना प्रश्न केला, “गुरुजी, मनुष्याला अधिक काय शिकविते, संकट की यश?” उत्तर ठरलेलेच असावे अशा समजुतीने सभेतील बहुतेकांनी माना डोलविल्या. संकट हाच गुरू, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वडिलांनी मात्र लगेच उत्तर दिले नाही. “युधिष्ठिर फासे खेळावयास कोठे शिकला, ते आधी पाहा,” एवढेच बोलून त्यांनी पोथी पुढे चालू केली. त्या शोधातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम सभापर्व पाहू. राजसूय यज्ञ पार पडला आहे, दिशा जिंकल्या आहेत, मयासुराने बांधलेल्या सभेत देशोदेशीचे राजे करभार घेऊन येऊन गेले आहेत. युधिष्ठिराच्या आयुष्यात यापेक्षा मोठे वैभव पूर्वी आले नव्हते. आणि नेमक्या याच वेळी शकुनी दुर्योधनाला सांगतो की, या कुंतीपुत्राला द्यूत आवडते, परंतु खेळता येत नाही. जे शत्रूला ठाऊक होते ते स्वतः युधिष्ठिराला का ठाऊक नसावे? ज्याचे भाऊ चारी दिशांनी जय घेऊन परततात, त्याला ‘तुमचा हा हात कच्चा आहे’ असे कोण सांगणार? शिवाय विदुर निमंत्रण घेऊन आला तेव्हा द्यूतातून कलह उद्भवतो हे धर्मराज स्वतःच बोलून दाखवितात; तरीही धृतराष्ट्राची आज्ञा आहे, आणि आव्हान आले असता मागे फिरावयाचे नाही असे आपले व्रत आहे, अशी कारणे देऊन निघतात. कारणे उत्तम होती. खरे कारण वेगळे होते, ते पुढे येईल.

द्यूतात राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला, शेवटी द्रौपदी पणास लागली. येथवर सर्वांना ठाऊक असते. पण यानंतरचा प्रसंग कथेकरीही पुष्कळदा घाईने उरकतात. द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे पांडव मुक्त झाले, धृतराष्ट्राने सर्व परत दिले, आणि ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. इतक्यात पुन्हा बोलावणे आले, आणि युधिष्ठिर पुन्हा परत फिरला! भर सभेत पत्नीची विटंबना डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य त्याच पटावर पुन्हा बसला. मग संकट हा गुरू म्हणावयाचा कसा? मला असे वाटते की, ज्या पराजयाचे ओझे दुसऱ्याने लागलीच उतरविले, तो पराजय मनात मुरतच नाही. आपल्याही घरांत हे दिसते. मुलाचे कर्ज वडिलांनी रातोरात फेडले की मुलगा दुसऱ्या कर्जास मोकळा होतो. दुसऱ्या डावानंतर मात्र बारा वर्षे वनवास व एक वर्ष अज्ञातवास वाट्यास आला, आणि तो कोणी माफ केला नाही.

वनात भीम रोज चिडून बोलतो, द्रौपदी बोलते. एके दिवशी भीमाच्या कठोर शब्दांना उत्तर देताना युधिष्ठिर असे काही बोलून जातो की वाचणारा क्षणभर थांबतो. तो कबूल करतो की, दुर्योधनाचे राज्य हिरावून घ्यावे या इच्छेनेच मी फासे हाती धरले होते. वडिलांची आज्ञा नाही, व्रत नाही, लोभ! धर्मराजाच्या तोंडून ‘लोभ’ निघावयास राजसूयाचा मंडप पुरला नाही, द्वैतवनातील झोपडी लागली. माझ्या अल्पमतीप्रमाणे वनवासातील खरे शिक्षण या एका वाक्यापासून सुरू होते. त्याआधी त्याच्यावर केवळ आपत्ती आलेली होती.

यापुढे अर्जुन अस्त्रांसाठी इंद्रलोकी गेलेला असताना बृहदश्व ऋषी आश्रमात येतात. युधिष्ठिर त्यांना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा आपण कधी पाहिला वा ऐकला आहे काय? उत्तरादाखल ऋषी नलाची कथा सांगतात. वनपर्वातील जवळजवळ तीस अध्याय तिने व्यापले आहेत. आपल्या मराठी घरांत ही कथा रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे परिचयाची झाली, पण त्यात शोभा आहे ती हंसाची आणि स्वयंवराची. म्हणजे आपण नलाचे यश पाठ केले आणि पुढचे विसरलो. पुढचे असे की, नलही भावाशी द्यूत खेळून राज्य गमावतो, दमयंतीला अरण्यात झोपलेली टाकून जातो, कर्कोटक नागाच्या दंशाने विद्रूप होतो, आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहतो. निषधांचा राजा दुसऱ्याचे घोडे खरारा करतो.

विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. दोन फांद्यांवर २०९५ फळे, असा नेमका आकडा दिलेला आहे. बाहुकाचा विश्वास बसेना. राजाला घाई असतानाही त्याने रथ थांबविला, खाली उतरून झाड पाडले, फळे मोजली, आणि संख्या जुळताच ही विद्या मला द्या अशी विनंती केली. मोबदल्यात आपली अश्वविद्या देऊ केली. हेच ते अक्षहृदय, फाशांचे मर्म. ते मिळताक्षणी कली नलाच्या देहातून बाहेर पडला आणि त्या बेहड्यात शिरला. (फासे पूर्वी बेहड्याच्या फळांचेच असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाची गंमत वाढते.) सिंहासनावरचा नल झाडाची फळे मोजावयास उतरला असता काय? सारथ्याला उतरण्यात कमीपणा नव्हता. ज्या खेळाने त्याला देशोधडीस लावले, त्याचे मर्म त्याला चाकरीत मिळाले. आणि पुढे एकाच डावात राज्य परत जिंकल्यावर त्याने पुष्कराला दंड न करता सन्मानाने परत पाठविले.

कथा संपवून बृहदश्व युधिष्ठिराला म्हणतात की, पुन्हा कोणी द्यूतास बोलावील ही तुझ्या मनातील भीती मी घालवितो. आणि तीच अक्षविद्या त्याला देतात. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. युधिष्ठिर फासे खेळावयास शिकला तो वनात.

परंतु एवढ्यावर ‘संकट शिकविते’ असा निकाल देता येत नाही, कारण याच वनपर्वात दुर्योधनावरही संकट आले आहे. पांडवांना आपले वैभव दाखवून खिजविण्याकरिता तो गुरांच्या मोजणीचे निमित्त काढून द्वैतवनात गेला, गंधर्वांनी त्याला बांधून नेले, आणि त्याला सोडविले कोणी, तर पांडवांनी. एवढी नामुष्की झाल्यावर त्याने अन्न सोडून मरावयाचे ठरविले. मात्र ‘मी येथे का आलो होतो?’ हा प्रश्न त्याने स्वतःला एकदाही केला नाही. थोड्याच दिवसांत तो हस्तिनापुरास जाऊन मोठा यज्ञ करतो. दुःख दोघांनाही झाले. एकाने त्यातून प्रश्न काढला, दुसऱ्याने केवळ अपमान काढला.

वाचन संपल्यावर यावर बोलणे चालले असता मागे बसलेल्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, “गुरुजी, धर्मराज शिकले हे चांगलेच झाले हो. पण त्यांच्या शिकवणीचे पैसे भरले कोणी? द्रौपदीने ना?” सभेत कोणी बोलले नाही. वडील म्हणाले, “आजी, तुमचे म्हणणे पोथीत आहे. द्रौपदी वनात तेच विचारते.” हे ऐकल्यापासून, ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे किंवा ज्याचे दुकान बुडाले आहे त्याला ‘संकट माणसाला घडविते’ असे सांगावयास माझी जीभ वळत नाही. घडणारा एक असतो आणि झिजणारे पुष्कळदा दुसरेच असतात.

आता यश कसे बहिरे करते ते विराटपर्वात पाहावे. ‘कंक’ नाव घेऊन युधिष्ठिर विराटाच्या सभेत द्यूतात रमविणारा ब्राह्मण म्हणून राहिला आहे. ज्या फाशांनी घालविले त्यांच्यावरच आता पोट आहे, आणि जिंकलेले धन तो गुपचूप भावांना देतो. उत्तराने कौरवांना जिंकले अशी वार्ता येते. आनंदाने बेभान झालेला विराट फासे मागवितो. कंक सांगतो, हर्षाने धुंद झालेल्याशी खेळू नये असे आम्ही ऐकले आहे. पांडुपुत्र युधिष्ठिराने याच खेळात राज्य घालविले ते आपल्याही कानी असेलच. स्वतःचीच गोष्ट तो परक्याची म्हणून सांगतो! विराट ऐकत नाही. डाव चालू असताना राजा पुत्राची स्तुती करतो. कंक म्हणतो, बृहन्नडा सारथी असता जय का मिळणार नाही? पुन्हा स्तुती, पुन्हा तेच उत्तर. संतापून विराट हातातील फासा कंकाच्या तोंडावर फेकतो. नाकातून रक्त येते. ते भूमीवर पडू नये म्हणून कंक ओंजळ धरतो, आणि सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदी सोन्याचे पात्र घेऊन धावते.

पटाच्या एका बाजूस तेरा वर्षांपूर्वीचा युधिष्ठिरच बसला होता, नाव तेवढे विराट. दुसऱ्या बाजूचा मनुष्य द्वारपालाला हळूच सांगतो की, उत्तराला एकट्याला आत येऊ दे, बृहन्नडेला नको. कारण माझे रक्त पाहिल्यास अर्जुन या राजाला जिवंत सोडणार नाही. पुढे उत्तराच्या सांगण्यावरून विराटाने क्षमा मागितली, तेव्हा कंकाने उत्तर दिले की, क्षमा मी केव्हाच केली आहे.

विराटपर्वाचे वाचन यानंतर सुरू होईल. ज्यांच्या घरी महाभारताचे मराठी भाषांतर असेल त्यांनी हा द्यूतप्रसंग आधी वाचून यावे, आणि त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नाचे उत्तर कोणास सापडल्यास वडिलांना अवश्य सांगावे. ते अजून शोधीत आहेत.