हेडफोनचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पॉवर अ‍ॅम्पला जोडण्याआधी

घरी बनवलेला व्हॉल्व्हचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर प्रीअ‍ॅम्प म्हणून चालतो का, असं मला बरेच जण विचारतात. चालतो, आणि छान वाजतो. माझा स्वतःचा अ‍ॅम्प रोज त्याच कामाला असतो. पण हेडफोनच्या जॅकमधून वायर काढून ती थेट पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडू नका. तशा जोडणीत एका वूफरची कॉइल माझ्यासमोर जळली आहे. ती का जळली हे नीट कळलं, की काय करायचं तेही आपोआप कळतं.

कॉइल जाळणारा तो दुसऱ्याचा अ‍ॅम्प आणि माझा अ‍ॅम्प एकाच जातीचे. पुढे ईसीसी ८२, मागे ६०८०, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हचा उच्च व्होल्टेजचा सप्लाय, १७० व्होल्टच्या आसपास. ६०८० च्या कॅथोडवर साधारण १०० व्होल्ट डीसी असतो. तो हेडफोनपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हेडफोनचा रेझिस्टन्स कमी असतो, त्यामुळे खर्ज पूर्ण यायचा तर असा मोठा कपॅसिटर लागतो. हेडफोनवर हा अ‍ॅम्प महिनोन्‌महिने बिनतक्रार वाजत होता. मग तो पॉवर अ‍ॅम्पला जोडला आणि दोन्हींचं बटण एकदम दाबलं. स्पीकरमधून काहीच आवाज आला नाही. वूफरचा कोन मात्र हळूहळू पुढे आला आणि तिथेच थांबला. थोड्या वेळात व्हार्निश जळल्याचा वास सुटला. त्या पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला डीसी अडवणारा कपॅसिटर नव्हता आणि स्पीकर प्रोटेक्शनही नव्हतं.

घरी येऊन मी माझ्या अ‍ॅम्पवर मोजमाप केलं. हेडफोनच्या जागी ३०० ओहमचा रेझिस्टन्स लावला, मीटर डीसीवर ठेवला आणि अ‍ॅम्प सुरू केला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आकडा एक व्होल्टपर्यंतसुद्धा गेला नाही. मग ३०० ओहम काढून ४७ किलोओहम लावले, कारण पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट रेझिस्टन्स साधारण तेवढा असतो. या वेळी आकडा चढत चढत साठीच्या घरात गेला आणि शून्याजवळ यायला त्याने पाऊण मिनिट घेतलं. कपॅसिटर तोच, व्हॉल्व्ह तेच. बदलला होता फक्त पुढचा लोड.

यामागचं गणित सोपं आहे. कपॅसिटर चार्ज व्हायला किती वेळ लागणार, हे त्याच्या आणि लोडच्या गुणाकारावर ठरतं. २२० मायक्रोफॅरड आणि ३०० ओहम म्हणजे ०.०६६ सेकंद. २२० मायक्रोफॅरड आणि ४७ किलोओहम म्हणजे दहा सेकंदांहून जास्त. व्हॉल्व्ह तापताना कॅथोडचा व्होल्टेज दहाएक सेकंदांत शून्यापासून शंभरापर्यंत चढतो. हेडफोन असला तर कपॅसिटर त्या चढणीबरोबर चार्ज होत जातो आणि बाहेर जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट येतो. पॉवर अ‍ॅम्प असला तर कपॅसिटर मागे पडतो आणि चढणारा बहुतेक व्होल्टेज जसाच्या तसा पुढे जातो. हेडफोनचा कमी रेझिस्टन्स हेच त्या सर्किटचं संरक्षण होतं. हेडफोन काढला की ते गेलं. म्हणून प्रीअ‍ॅम्पसाठी ते वेगळं बांधावंच लागतं.

पहिलं काम म्हणजे प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट वेगळं काढा. हेडफोनच्या कपॅसिटरला हात लावू नका. ६०८० च्या कॅथोडवरून दुसरी वाट काढा आणि तिच्यात ४.७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घाला. इलेक्ट्रोलिटिक वापरू नका. तो थोडा डीसी झिरपू देतो. दहा मायक्रोअँपिअर झिरपला तरी ४७ किलोओहमवर जवळजवळ अर्धा व्होल्ट उभा राहतो. हेडफोनवर तेच गळणं जाणवतसुद्धा नाही.

दुसरं, गेन कमी करा. ईसीसी ८२ ची एक स्टेज सिग्नल सहज बारा-चौदा पट वाढवते. सीडी प्लेअर किंवा डॅकमधून दोन व्होल्ट येतात आणि बहुतेक पॉवर अ‍ॅम्पना पूर्ण आवाजासाठी एक-दीड व्होल्ट पुरतो. एवढा गेन ठेवला तर व्हॉल्यूमचा नॉब जरा हलवताच आवाज अंगावर येतो. शिवाय अगदी खालच्या टप्प्यात साध्या पॉटचे दोन चॅनेल सारखे चालत नाहीत. गाणारा मधोमध असायला हवा, तो एका बाजूला सरकतो. त्यासाठी फिल्म कपॅसिटरच्या पुढे १० किलोओहम सिरीजमध्ये आणि १ किलोओहम ग्राउंडला लावा. सिग्नल अकरा पट कमी होतो. हे काम इनपुटला न करता आउटपुटलाच करा, म्हणजे व्हॉल्व्हची सरसर आणि गुणगुणही अकरा पट खाली जाते. सुरुवातीचा डीसीसुद्धा आता ०.०५ व्होल्टच्या आसपास राहतो, आणि खर्जाची मर्यादा तीन हर्ट्‌झजवळ असल्याने संगीतातलं काही हरवत नाही.

तिसरं, म्यूट रिले लावा. ‘पॉवर अ‍ॅम्प शेवटी सुरू करायचा, आधी बंद करायचा’ हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि तो पाळायलाच हवा. पण आपल्याकडे वीज न सांगता जाते आणि न सांगता येते. ती परत येते तेव्हा दोन्ही यंत्रं एकाच क्षणी सुरू होतात आणि तुम्ही कदाचित घरातही नसता. सवयीवर विसंबून स्पीकर वाचत नाहीत. बारा व्होल्टचा दोन पोलचा रिले घ्या. त्याचे नॉर्मली क्लोज्ड संपर्क त्या १ किलोओहमच्या दोन टोकांना जोडा, दोन्ही चॅनेलला. रिलेला वीज नसताना आउटपुट ग्राउंडला शॉर्ट राहतं. अ‍ॅम्प सुरू झाल्यावर मिनिटभराने रिले ओढला जाईल असा टायमर ५५५ आयसीवर करा. रिलेच्या सप्लायचा फिल्टर कपॅसिटर लहानच ठेवा, म्हणजे वीज जाताच रिले लगेच सुटतो. हे सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतं आणि एका वूफरच्या मानाने किरकोळ पैशांत येतं.

चौथी अडचण गुणगुणीची. हेडफोन कुठल्याच अर्थिंगला जोडलेला नसतो. पॉवर अ‍ॅम्प असतो. दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगच्या पिना आणि मधली केबल मिळून एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून ५० हर्ट्‌झची गुणगुण येते. ती घालवायला अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं तर चॅसिसवर २३० व्होल्ट येतील आणि तेव्हा ती पिनच तुम्हाला वाचवेल. चॅसिस अर्थिंगलाच राहू द्या. ऑडिओचं ग्राउंड चॅसिसला एकाच जागी जोडा, तेही १० ओहमच्या रेझिस्टन्समधून, आणि बिघाडाचा करंट वाहून नेण्यासाठी त्याला समांतर एक दणकट ब्रिज रेक्टिफायर लावा. गुणगुण १०० हर्ट्‌झची असेल तर मात्र दोष पॉवर सप्लायच्या फिल्टरिंगमध्ये शोधा.

आणि शेवटी जिवाची गोष्ट. हे बदल करायला अ‍ॅम्प उघडावा लागतो आणि आत १७० व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. फिल्टर कपॅसिटरला समांतर १०० किलोओहम, दोन वॅटचा रेझिस्टन्स कायमचा लावा. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याने मिनिटभरात १० व्होल्टच्या आसपास उतरतो. तरीही प्रत्येक वेळी मीटरने खात्री केल्याशिवाय बोट आत घालू नका. चालू अ‍ॅम्पवर मोजमाप करताना एकच हात वापरा, दुसरा खिशात ठेवा.

सगळं झाल्यावर पॉवर अ‍ॅम्पऐवजी आउटपुटला पुन्हा ४७ किलोओहम लावा. थंड अ‍ॅम्प सुरू करा, रिले ओढला जाईपर्यंत थांबा, मग बंद करून परत सुरू करा. यात मीटर एकदाही ५० मिलिव्होल्टच्या वर गेला, तर पॉवर अ‍ॅम्प जोडू नका, आधी दोष शोधा. नाही गेला, तर निर्धास्त जोडा. हे काम पेलणार नाही असं वाटत असेल, तर तो अ‍ॅम्प हेडफोनपुरताच ठेवा. तो त्याच कामासाठी बांधला आहे आणि तिथे तो उत्तमच वाजतो.