नडगी दुखत होती, मी खोटं बोलत नव्हते

मागच्या महिन्यात एका सत्काराच्या कार्यक्रमात आमचे जुने सर माइकवर म्हणाले, "काही पोरी तीन महिन्यांत पळून जातात. इथं दम लागतो." नाव घेतलं नाही, पण चार-पाच जणींनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणून लिहायला बसले. अकॅडमीचं नाव सांगणार नाही, ती कुठे आहे तेही नाही. धाड आणि आसपासच्या खेड्यांतल्या ज्या मुली पहाटे पोलीस भरतीसाठी पळतात, त्यांनी हे वाचावं.

सुरुवात मी एकटीने केली होती. पहाटे पाचला भोकरदनच्या रस्त्याने मी पुढे आणि मोटारसायकलवर भाऊ मागे. शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा 800 मीटर मोजून पळाले तेव्हा 4 मिनिटं 10 सेकंद लागले आणि कुंपणाला धरून उलटी झाली. तो आकडा मी शंभर पानी वहीत लिहिला. पाच महिन्यांनी त्याच वहीत 3 मिनिटं 22 सेकंद लिहिले.

त्या पाच महिन्यांत पायांपेक्षा मी जास्त बदलले. पूर्वी बुलढाण्याला एकटीने जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. आता फॉर्म भरायला, कागदपत्रं काढायला एकटी एसटीने जायला लागले. गर्दीत कुणी मुद्दाम खेटून उभा राहिला, तर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं "सरका तिकडं" म्हणायला लागले. कालच्यापेक्षा एक राउंड जास्त मारता येतो हे कळलं, की बाकीच्या गोष्टींतही माणूस स्वतःकडून जास्त मागायला लागतो. ही सवय मला कुणी शिकवली नव्हती, म्हणूनच सरांचा "दम" हा शब्द मला इतका लागला.

मुलींनी 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत काढले तर 20 पैकी 20 मार्क. मला अजून 32 सेकंद तोडायचे होते. बाबांनी सोयाबीनच्या पैशातून अकॅडमीची फी भरली.

पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, महिन्यात 20 सेकंद तुटले पाहिजेत. सकाळी डांबरी रस्त्यावर 8 किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा राउंड, रविवारीही सुट्टी नाही. वर, "वजन आहे तुझं. रात्रीची भाकरी बंद, नुसतं दूध पी." माझं वजन 52 किलोवरून 46 वर आलं. पाळी दोन महिने आली नाही. बॅचमधल्या मुली म्हणाल्या, पळणाऱ्यांचं असंच होतं, कटकट गेली. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

मग उजवी नडगी दुखायला लागली. घोट्याच्या वीतभर वर, एकाच जागी, बोट टेकवलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. सरांना सांगितलं तर सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "पोलीस व्हायचंय का लग्न करायचंय?" मुलं हसली. मी पट्टी बांधून आणखी सोळा दिवस पळाले. आई म्हणायची, "पाय सुजला वं तुहा," आणि मी सलवार खाली ओढायचे. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. सरांनी तोच एक्स-रे हातात धरून बॅचला दाखवला. नाटक कसं असतं ते बघा, म्हणाले.

शेवटी बाबा मला छत्रपती संभाजीनगरला घेऊन गेले. डॉक्टर बाईंनी एका पायावर उडी मारायला सांगितली, ती मला मारता आली नाही. मग त्यांनी विचारलं, "पाळी कधी आली होती?" मी पाय दाखवायला गेले होते, मला काही कळेना. "आणि रात्री काय जेवतेस?" मी दूध म्हणाले, तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. हिमोग्लोबिन 8.6. शरीराला लागतं तेवढं खाणं मिळालं नाही, की ते आधी पाळी बंद करतं, मग हाडं कमजोर होतात आणि तशात पळत राहिलं की हाड चिरतं. अशी चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. एवढे महिने आम्हा मुलींना पळवणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं?

आठ आठवडे पळणं बंद. माझं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, पाच आठवड्यांवर होतं. बाबा रिपोर्टचं पाकीट मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. "फी परत मागू का?" एवढंच म्हणाले. मागितली. मध्येच सोडणाऱ्यांना मिळत नाही, असं उत्तर आलं.

सर महिन्यात 20 सेकंद तोडायला सांगत होते. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी 2018 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 29.80 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ते 8 मिनिटं 9.91 सेकंदांवर आले. सहा वर्षांत सुमारे 20 सेकंद. नवशिक्याचे सेकंद लवकर तुटतात, माझेही तुटले होते. पण ज्या माणसाचा फोटो अकॅडमीच्या भिंतीवर लावता, त्याचे आकडे तरी एकदा नीट वाचा.

आता मुलींनो, तुमच्यासाठी.

दुखणं पूर्ण नडगीभर पसरलेलं असेल, तरी पळणं कमी करा. एका बोटाच्या जागेवर दुखत असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर त्याच दिवशी थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रे चांगला आला म्हणून पुन्हा पळू नका.

पाळीची तारीख टायमिंगच्याच वहीत लिहा. चुकायला लागली तर आईला सांगा, लाजू नका.

भाकरी सोडू नका. जेवणासोबत चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, फुटाणे खा.

अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या.

उन्हात जिवावर उदार होऊन पळू नका. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावताना तरुण मुलं गेली, त्यानंतर पुरुषांचं 5 किलोमीटरचं अंतर कमी करण्यात आलं.

फी एकदम भरू नका, महिन्यामहिन्याने द्या आणि पावती घ्या.

आणि सगळ्यांसमोर कुणी तुमच्या दुखण्याला नाटक म्हणालं, तर तिथून निघून या. मी सोळा दिवस उशिरा निघाले.

चार महिन्यांनी मी पुन्हा शाळेच्या मैदानावर गेले, पहिला राउंड चालतच मारला. वही तीच आहे. शेवटचा आकडा 3 मिनिटं 9 सेकंद, वजन 51, पाळी वेळेवर. पुढच्या भरतीला मी ग्राउंडवर असेन. सरांनी यावं आणि वेळ त्यांच्याच घड्याळावर लावावी.