गोधडीची मागची बाजू दाखव

अगं, तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. गाणं छान आहे, अक्षरं इकडून तिकडून उडत येतात, सोनेरी पट्टीवर 'खास दिवाळी ऑफर' झळकतं. सगळं आहे, फक्त गोधडी दिसत नाही. एक फोटो डोळ्यांपुढे येतो न येतो तोच दुसरा. ती हिरव्या इरकलीची गोधडी मी स्वतः अंगावर घेतली आहे, म्हणून ती किती मऊ आहे ते मला ठाऊक. पण नाशिकला किंवा न्यू जर्सीला बसलेल्या बाईला ते कुठून कळणार? मोकळेपणानं सांगते, कारण तू माझ्याशी अबोला धरणार नाहीस: हा व्हिडिओ टाकू नकोस.

तुझ्याकडे घरी येणाऱ्या बायका काय करतात ते आठव. गोधडी हातात घेऊन आधी वजन बघतात. मग ती उलटी करतात. मागचे टाके सरळ आहेत का, गाठी कुठे घेतल्यात, दोरा ओढला तर निघतो का, हे बोटांनी चाचपतात. एखादी नाकाशी नेते, जुन्या कपड्याचा वास येतो का म्हणून. मग काठ बघायचे. मग 'धुतल्यावर आत गोळा होत नाही ना?' आणि अगदी शेवटी, सहज विचारल्यासारखं, 'कितीला दिलीस?'

फोनवर बघणारीच्याही मनात हेच सगळं असतं, फक्त तिचा हात तुझ्या गोधडीपर्यंत पोचत नाही. तिच्या हाताचं काम तुझ्या व्हिडिओनं करायचं. मला विचारशील तर या धंद्यातल्या व्हिडिओची सगळी विद्या एवढीच.

म्हणून पहिला व्हिडिओ मागच्या बाजूचा कर. गोधडी पलंगावर पसर, एक कोपरा उलट, फोन जवळ ने आणि अंगठा टाक्यांवरून सावकाश फिरव. घाई करू नकोस, बघणारीला तो खडबडीतपणा कळू दे. फिरवता फिरवता बोल: हा हातानं घातलेला धावदोरा, आत सुती साड्यांचे एवढे थर, लांबी एवढी, रुंदी एवढी, वजन एवढं, किंमत एवढी. पाऊण मिनिट पुरे. किंमत मात्र तोंडानं सांगायचीच. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहिलं की निम्म्या बायका तिथेच मागे फिरतात. कुणाला विचारायचा संकोच, कुणाला वाटतं फार महाग असणार. सांगितल्यावर जी विचारायला येते ती खरंच घेणारी असते, आणि तुझाही 'कितीला, कितीला'ची उत्तरं देण्यात दिवस जात नाही.

दुसरा व्हिडिओ धुण्याचा. खरंच सांगते, हा कर. बादलीत भिजवलेली गोधडी दोघी जणी दोन टोकांनी धरून पिळतात ते दाखव, पाण्याला रंग सुटला की नाही ते दाखव, गच्चीच्या कठड्यावर वाळत घातलेली दाखव आणि वाळल्यावर झटकून तीच घडी पुन्हा समोर धर. 'धुतल्यावर काय होतं' ही शंका शंभर वाक्यांनी फिटत नाही, ती या बादलीनं फिटेल.

आता तुला जेनी डोनची गोष्ट सांगते. अमेरिकेत मिझुरी राज्यात हॅमिल्टन नावाचं गाव आहे, वस्ती दोन हजारांच्याही आतली. 2008 च्या मंदीत आईवडिलांच्या म्हातारपणाची चिंता वाटून डोनबाईंच्या मुलांनी आईला रजया शिवायचं मोठं मशीन घेऊन दिलं. लोकांच्या रजया शिवून द्यायच्या, चार पैसे मिळतील, असा साधा हिशेब होता. पण एवढ्याशा गावात गिऱ्हाईक असून असून किती असणार? मग ॲलन या मुलाच्या डोक्यातून निघालं की आईनं यूट्यूबवर शिकवावं. 2009 पासून जेनीबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून रजई कशी जोडायची ते शिकवू लागल्या, अगदी फुकट. बघणाऱ्या बायकांना कापड लागायचं, आधीच मापात कापलेले चौकोन आणि पट्ट्या लागायच्या, आणि ते त्यांची 'मिझुरी स्टार क्विल्ट कंपनी' विकायची. आज त्या गावात त्यांची दुकानंच दुकानं आहेत, शेकडो माणसं कामाला आहेत आणि रजयांसाठी लोक लांबून तिथे येतात.

तुझंही असंच होईल, असं मी म्हणणार नाही. तिचा बाजार वेगळा, तिथल्या बायकांची खर्चायची ताकद वेगळी. तिच्याकडून एकच गोष्ट घे: तिनं कसब दडवून ठेवलं नाही.

मला माहीत आहे तुझ्या मनात काय आलं. सगळं दाखवलं तर माझ्याकडून कोण घेईल? जाऊबाईंनी तर बोलूनही दाखवलं असेल. पण जरा बघ, गोधडी घालायला किती वेळ लागतो? साडी जमिनीवर ताणून अंथरायची, थर लावायचे, सुरकुती राहू नये म्हणून हातानं सारखं करत जायचं, कच्चे टाके घालायचे, मग एका बैठकीत वीत-दोन वीत असं दिवसचे दिवस. व्हिडिओ बघून स्वतः शिवायला बसणाऱ्या थोड्या असतील. बाकीच्यांना कळेल की तुझी किंमत कशाची आहे. 'जुन्या साड्यांचीच तर आहे, एवढे पैसे?' हे वाक्य तू आजवर किती ऐकलंस! ज्या बाईनं सुई पाच थरांतून बाहेर येताना आणि बोटाला चिंधी बांधलेली पाहिली, ती हे म्हणणार नाही. आणि ज्या शिवायला बसतील त्यांना जाड सुया, पक्का दोरा, कापलेली सुती ठिगळं हवीच असतात. तीही तूच वीक.

एक मात्र पाळ. गोधडीच्या कोपऱ्यात घालता ते फूल तुझ्या सासूबाईंचं आहे, त्यांच्या आईकडून आलेलं. ते कसं घालायचं हे दाखवायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. नको म्हणाल्या तर नको. आणि तुझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायकांचे हात व्हिडिओत येणार असतील तर आधी विचार, हो म्हणाल्या तर त्यांची नावं घे. ज्यांच्या कष्टावर आपण उभ्या आहोत त्या नुसत्या 'आमची टीम' म्हणून राहू नयेत असं मला फार वाटतं.

सासूबाई कॅमेऱ्याला लाजतात म्हणालीस. लाजू देत, चेहरा हवाच असं नाही, हात आणि आवाज पुरतो. पण 'आता या वयात कशाला' असं त्या म्हणाल्या तर त्यांना यूट्यूबवरची 'आपली आजी' दाखव. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, सत्तरी गाठलेल्या. नातवानं 2020 साली त्यांचे व्हिडिओ करायला घेतले. साधं गावचं जेवण, आपली बोली, नटवेपणा नाही. लाखो लोकांनी बघितलं. त्यांच्या बोलण्यातलं गावपण कुणी खोडून काढलं नाही, तेच लोकांना आवडलं. तूही तुझ्या साताऱ्याकडच्याच बोलीत बोल. 'नमस्कार मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण पाहणार आहोत' ही सुरुवात सोडून दे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत बोट सरकवायचं की थांबायचं हे बघणारी ठरवते, तेवढ्यात समोर टाका हवा, नमस्कार नंतरही करता येतो.

सामानावर खर्च करू नकोस. फोन आहे तोच बरा. लेन्स आधी मऊ फडक्यानं पूस, तेलकट बोट लागलेलं असतं आणि चित्र धुरकट येतं. सकाळी खिडकीपाशी बस, उजेड बाजूनं येऊ दे. बाजूच्या उजेडात टाक्याची सावली पडते आणि वीण उठून दिसते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली तीच गोधडी सपाट चादरीसारखी वाटते. फिल्टर अजिबात नको. गुलबक्षी रंग लाल दिसला आणि लाल म्हणून कुणी मागवली, तर परत आलेल्या पार्सलचा खर्च तुझा. फोनच्या पडद्यावर बोट दाबून ठेवलंस की बऱ्याच फोनमध्ये उजेड एका जागी बांधला जातो, मग हात हलला तरी उजेड कमीजास्त होत नाही. पैसे घालायचेच असतील तर कॉलरला लावायच्या साध्या माइकवर घाल. चित्र थोडं डावं असलं तर लोक चालवून घेतात. पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्यांत बुडालेला आवाज कुणी ऐकत नाही. गाण्याचा तर मोहच नको. बिझनेस खात्याला इन्स्टाग्रामवर हवी ती फिल्मी गाणी लावता येत नाहीत, हक्काचा प्रश्न येतो. कापडातून दोरा ओढला जातानाची ती सूं आहे ना, ती ऐकू येऊ दे.

टाकायचं कुठे, हे तू विचारलंस. रील उभं, छोटं, चार-दोन दिवस फिरतं आणि विरून जातं. नवी माणसं तिथे भेटतात, म्हणून ते हवं. पण यूट्यूबवर आडवा, सविस्तर व्हिडिओ टाकलास तर तो वर्षानुवर्षं शोधणाऱ्यांना सापडत राहतो. नाव मात्र लोक शोधतात तसं दे. 'परंपरेची ऊब' असं कुणी शोधत नाही. 'जुन्या साडीची गोधडी कशी शिवायची', 'बाळासाठी सुती दुपटं' असं शोधतात. बारसं, बाळंतविडा, रुखवत हे शब्द नावात येऊ देत, घेणारी त्याच निमित्तानं येते.

आणि सगळा भार एका ॲपवर टाकू नकोस. 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ज्यांचे सगळे बघणारे तिथेच होते त्यांचा बघणाऱ्यांशी धागाच तुटला. जो कुणी चौकशी करेल त्याला व्हॉट्सॲप बिझनेसवर आण, तुझा नंबर सेव्ह करायला सांग. सेव्ह केला नाही तर ब्रॉडकास्ट पोचतच नाही. मालाचे फोटो आणि किमती तिथल्या कॅटलॉगमध्ये ठेव. नंबर धंद्याचा वेगळा घे, घरचा देऊ नकोस.

आकड्यांचंही बोलू. व्हिडिओ साठ जणांनी पाहिला म्हणून तू हिरमुसशील, मी ओळखते तुला. पण महिन्याला तुमच्या हातून गोधड्या होतात किती? लाखभर लोकांनी मागितल्या तर देणार कुठून? त्या साठांत दोघी घेणाऱ्या असतील तर तुझं भरून पावलं. व्ह्यूज मोजण्यापेक्षा 'तुमचा व्हिडिओ बघून फोन केला' असं कोण म्हणतंय ते वहीत लिहून ठेव, कोणता व्हिडिओ तेही लिही. त्यातून पुढचा कसा करायचा ते कळेल.

आईच्या साड्यांची गोधडी करून मागणाऱ्या तुझ्याकडे येतात. त्या साड्यांचा व्हिडिओ फार सुंदर होईल, पण विचारल्याशिवाय करू नकोस. गेलेल्या आईचा पदर आहे तो. मागणारीनं आनंदानं परवानगी दिली तर ती साडी कुठल्या प्रसंगाची होती हे तिच्याच आवाजात पाठवायला सांग.

आता जरा काळजीचं. नाव पसरलं की फसवणारेही येतात. 'मी सैन्यात आहे, युनिटसाठी पंचवीस गोधड्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा फोन आला तर तिथेच ठेवून दे. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातूनच जातात. 'तुमचं खातं बंद होणार आहे, या लिंकवर जा' असे मेसेजही येतील, उघडू नकोस. दुहेरी पडताळणी आजच चालू कर. 'आपली आजी'चंही चॅनल मध्यंतरी हॅक झालं होतं, काही दिवसांनी परत मिळालं. सगळ्यांना मिळतंच असं नाही. घराची पाटी, गल्ली, पोरांच्या शाळेचा गणवेश व्हिडिओत येऊ देऊ नकोस. दुपारी तू घरात एकटी असतेस. घाणेरडी कमेंट आली तर उत्तर देत बसू नकोस, पुसून टाक आणि त्याला ब्लॉक कर. त्यात तुझी काही चूक नसते, हे मनात पक्कं ठेव.

दिवाळीचं बोलायचं तर ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख आत्ताच ठरव आणि प्रत्येक व्हिडिओत सांग. हाताचं काम आहे, वेळ लागतो, हे सांगण्यात कमीपणा नाही. पार्सलचा खर्च वजनावर जातो, म्हणून पोस्टात एक गोधडी तोलून बघ आणि तो वेगळा सांग. रविवारी सकाळी ऊन बरं असेल तर मागच्या बाजूचा व्हिडिओ काढ आणि आधी मला पाठव. आवाज नीट येतोय का, एवढंच बघून सांगते.