क्रोशाचे काम आणि सारखा हात

आमच्या थोरल्या ताईच्या लग्नात रुखवतावर मांडावयाचे म्हणून मी क्रोशाचे एक टेबलावरचे आच्छादन विणावयास घेतले, तेव्हा मी नववीत होते. चौकोनी नक्षीचे चोवीस तुकडे विणावयाचे आणि सहा-सहांच्या चार ओळींत ते जोडावयाचे, असा बेत होता. बेळगावच्या खडेबाजारातून २० नंबरचा पांढरा दोरा आणला आणि अभ्यासातून सवड मिळेल तसतसे चार महिने तुकडे विणून डब्यात टाकीत गेले. लग्नाला बारा दिवस उरले असता ते जोडावयास बसले. पाहते तो काय, आच्छादन एका बाजूला फुगलेले आणि दुसऱ्या बाजूला ओढले गेलेले! उन्हात वाळत घातलेल्या पापडाची आठवण व्हावी, अशी त्याची अवस्था झाली होती.

आई म्हणाली, "इस्त्री फिरव, बसेल ते." आत्या म्हणाली, "आधी पट्टी आण." पहिला तुकडा भरला अकरा सेंटिमीटर आणि शेवटचा जेमतेम दहा. नक्षी तीच, सुई तीच, दोरा तोच, टाकेही मोजून तेवढेच. चार महिन्यांत बदलला होता तो केवळ माझा हात. प्रारंभी तो नवखेपणामुळे सैल होता. पुढे सरावाने आणि परीक्षेच्या दिवसांतील घाईने तो आवळत गेला होता.

पुढे काय झाले ते ओघाने येईलच. परंतु त्या दिवशी मला जे कळले ते हस्तव्यवसायाची शिक्षिका म्हणून इतक्या वर्षांत मी अनेक मुलींच्या हाती पुनःपुन्हा पाहिले आहे. नवी नक्षी शिकण्याची हौस सर्वांनाच असते. साधी साखळी सारख्या मापाची घालण्याचा कंटाळाही सर्वांनाच असतो. आणि काम बिघडते ते बहुधा तेथेच.

हात सारखा राहावा यासाठी प्रथम दोरा कसा धरला आहे ते पाहावे. डाव्या हाताच्या करंगळीभोवती दोऱ्याचा एक वेढा घेऊन तो तर्जनीवरून सुईकडे न्यावा. म्हणजे दोरा सरकतो, पण सुटत नाही. सुई कोणी लेखणीसारखी धरतात, कोणी सुरीसारखी. दोन्ही रीती योग्य आहेत, मात्र एका कामात एकच ठेवावी. सुईला आकड्यामागे निमुळता घसा असतो आणि त्यामागे सरळ दांडी. टाक्याचे माप दांडीवर ठरते. पुष्कळ मुली फास घशातच आवळून घेतात. मग पुढच्या ओळीत सुई शिरता शिरत नाही आणि दोष मात्र सुईला मिळतो. फास दांडीपर्यंत येऊ द्यावा, मगच पुढचा वेढा घ्यावा. पहिली साखळी फार आवळली जात असेल, तर तेवढ्यापुरती एक माप मोठी सुई घ्यावी. अन्यथा कामाची खालची कड आखडते आणि वरचा भाग पंख्यासारखा पसरतो. ज्या मुली डावखुऱ्या आहेत, त्यांनी शिकविणारीच्या शेजारी न बसता समोर बसावे. आरशात पाहिल्याप्रमाणे सर्व हालचाली त्यांना सरळ उचलता येतात. त्यांना बळेच उजव्या हाताने विणावयास लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोरा व सुई यांच्या नंबरांचा घोटाळा नेहमीचाच आहे. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. बारीक पोलादी सुयांचेही तसेच, म्हणून सुईवर मिलिमीटर कोरलेले असतील तर तेच पाहावेत. २० नंबरच्या दोऱ्याला सुमारे सव्वा मिलिमीटरची आणि ४० नंबरच्या दोऱ्याला सुमारे एक मिलिमीटरची सुई बहुधा जमते. दोरा मात्र सर्व कामापुरता एकदमच आणावा आणि वेष्टणावरील रंगाच्या घाण्याचा क्रमांक जुळवून घ्यावा. पांढऱ्यातही किती पांढरे असतात, हे काम धुतल्यावर कळून उपयोग नाही!

आता नमुन्याविषयी. कोणतेही मोठे काम हाती घेण्यापूर्वी तीस खांबांच्या दहाबारा ओळींचा एक तुकडा विणावा, भिजवून वाळवावा आणि त्याच्या मधल्या वीस खांबांची रुंदी पट्टीने मोजावी. समजा, ती पाच सेंटिमीटर भरली. म्हणजे एक खांब अडीच मिलिमीटरचा झाला. पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीच्या कामास १८० खांब लागतील. पण काम चालू असता हात आवळला जाऊन वीस खांब ४.६ सेंटिमीटरांत बसू लागले, तर तेच १८० खांब ४१.४ सेंटिमीटर भरतील. टाक्यामागे फरक दोन दशांश मिलिमीटरांचा, जो डोळ्याला दिसत नाही. आच्छादनात मात्र साडेतीन सेंटिमीटरांहून अधिक तूट! म्हणून नमुन्याचा तुकडा शेवटपर्यंत जवळ ठेवावा आणि रोज विणावयास बसताना आदल्या दिवसाचे काम त्यावर ठेवून ताडून पाहावे. मी हे केले असते, तर दुसऱ्याच आठवड्यात सावध झाले असते.

दुसरे दुखणे कडेचे. चौकोन विणावयास घ्यावा आणि तो वर निमुळता होत जावा, हे सर्वांनी अनुभवले असेल. खांबांच्या ओळीच्या आरंभी आपण वळणाच्या तीन साखळ्या घालतो; त्याच त्या ओळीचा पहिला खांब होत. तेव्हा खालच्या ओळीतील पहिला खांब सोडून दुसऱ्यापासून विणावयाचे आणि शेवटचा खांब खालच्या वळणाच्या तिसऱ्या साखळीत घालावयाचा. हा शेवटचा राहिला की दर ओळीस एक खांब कमी होतो. पहिला सोडावयाचे विसरले की एक वाढतो. मुक्या खांबाच्या ओळीस वळणाची एकच साखळी पुरते आणि ती सहसा मोजीत नाहीत. कडेच्या टाक्यात रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला, तर डोळे आपोआप तेथे जातात.

येथे एक इशारा देते. परदेशी पुस्तकावरून विणताना ते इंग्लंडचे आहे की अमेरिकेचे, हे आधी पाहावे. आपल्या मुक्या खांबाला इंग्लंडमध्ये 'डबल क्रोशे' म्हणतात, तर अमेरिकेत 'सिंगल क्रोशे'; आणि आपला खांब तिकडे 'ट्रेबल', इकडे 'डबल'. एका शब्दाच्या चुकीने सगळी नक्षी अर्ध्या उंचीची झालेली मी पाहिली आहे.

गोल रुमालाची गोष्ट आणखी मौजेची आहे आणि तिच्यात गणिताच्या तासाला शिकलेले उपयोगी पडते. मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच असतो. प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्याने वाढली, तर परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढावयास हवा. म्हणून मुक्या खांबाच्या गोलात दर फेरीस सहा टाके वाढवितात. खांब रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच, म्हणून त्याला बारा. अर्ध्या खांबाला आठ. वाढ कमी पडली तर रुमालाची वाटी होते, अधिक झाली तर काठाला झालर सुटते. वाढीचे टाके दर फेरीत एकावर एक आले तर गोलाचा षट्कोन होतो, यासाठी त्यांच्या जागा थोड्या सरकवाव्यात. ही झालर नेहमीच दोष ठरते असेही नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डाइना ताइमिन्या यांनी १९९७ साली हेतुपुरस्सर टाके वाढवीत नेऊन अशी झालरदार वीण तयार केली आणि कागदावर नीट दाखविता न येणारे 'हायपरबोलिक' भूमितीचे प्रतल विद्यार्थ्यांच्या हाती दिले. क्रोशा हे केवळ मुलींचे काम, असे म्हणणाऱ्या मुलांनी एकदा असा तुकडा विणून पाहावा.

दारावरच्या तोरणासाठी जाळीची वीण आपल्याकडे फार आवडीची आहे. चौकटीच्या कागदावर 'सुस्वागतम्' काढावयाचे, अक्षराच्या जागी भरलेले घर आणि इतरत्र रिकामे. एका घरास तीन टाके आणि शेवटास एक जास्त. म्हणजे १२० घरांच्या तोरणास ३६१ टाके, वर सांगितलेल्या हाताने सुमारे ९० सेंटिमीटर. येथे दोन ठिकाणी फसगत होते. काम उलटसुलट चालते, म्हणून पहिली ओळ कागदावर उजवीकडून डावीकडे वाचली, तर दुसरी डावीकडून उजवीकडे वाचली पाहिजे; हे चुकले की अक्षरांचे तुकडे इतस्ततः विखुरतात. दुसरे असे की, कागदावरचे घर चौरस असते, विणलेले बहुधा नसते. नमुन्यात घर साडेसात मिलिमीटर रुंद आणि सहा उंच भरले, तर कागदावर दहा घरे रुंद आणि दहा उंच काढलेले अक्षर दारावर बसके दिसेल. ते बारा-तेरा घरे उंच काढावे. आपल्या अक्षरांची शिरोरेखा या विणीत फार शोभते, कारण ती एका सरळ ओळीत भरून निघते.

काम पूर्ण झाल्यावर ते सौम्य साबणाने धुऊन, न पिळता टॉवेलात दाबून, गादीवर पसरावे आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी मापाप्रमाणे ताणून लावावे. ताठपणा हवा असेल तर पातळ खळ द्यावी. सुती कामास उलट्या बाजूने, ओले फडके घालून इस्त्री चालते. बाजारातील कृत्रिम लोकरीस मात्र गरम इस्त्री लावू नये, ती कायमची लोळागोळा होते. परंतु ताणूनही वीस टाक्यांचे बावीस होत नाहीत, हे ध्यानात असावे.

तेव्हा उसवणे आलेच. आत्याने माझे पहिले सहा तुकडे माझ्याच हातून उसवून घेतले. मी रडले, हे लपवीत नाही. उसवलेल्या दोऱ्याला मोड पडलेली असते आणि तो तसाच विणला तर टाके वेडेवाकडे दिसतात. म्हणून तिने तो पाटाभोवती गुंडाळून ओला केला व वाळू दिला. बारा दिवसांत जोडणीही करावयाची असल्याने सहांपैकी दोनच तुकडे पुन्हा झाले. अठरा आणि दोन असे वीस, पाच-पाचांच्या चार ओळी. टेबलाला ते पुरले नाही. लहान तिवईवर घातले. रुखवत पाहावयास आलेल्या बायकांपैकी एकीने ते उचलून उलटी बाजू पाहिली आणि काही न बोलता पुन्हा जागेवर नीट पसरून ठेवले. आत्याने माझ्याकडे पाहिले. जाणत्या बाया क्रोशाची उलटी बाजूच आधी पाहतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोऱ्याची टोके गाठ मारून कापावयाची नसतात. ती बोथट सुईने टाक्यांतून मागेपुढे ओवून जिरवावयाची असतात. त्या रात्री आत्याने मला ती चाळीस टोके जिरवावयास लावली होती, ती यासाठी.

ते आच्छादन ताईकडे धारवाडला अजून आहे. घडीवर दोरा तुटतो, म्हणून ती ते गुंडाळून ठेवते. तरीही बत्तीस वर्षांनी एक कोपरा विरलाच. न विणलेल्या चार तुकड्यांचा दोरा मी डब्यात जपून ठेवला होता. तो पिवळसर झाला होता, पण आच्छादनही तितकेच पिवळे झाले होते, त्यामुळे सांधलेली जागा कोणास ओळखू येत नाही.