बंदुकीतून माणूस बघू नकोस

चि. बाबूस,



काल रात्री सूनबाईचा फोन आला होता. नाताळची सुट्टी, बर्फ, तुमच्या गाडीची बॅटरी असं बोलणं चाललं होतं. मधेच ती सहज म्हणाली, "मामा, तो त्या नव्या स्कोपवर भलताच खूश आहे. परवा शेताच्या कडेला झाडीत कुणीतरी हलताना दिसलं, तर यानं स्कोप लावून लगेच सांगितलं, शेजारचे आजोबा आहेत, लाकडं गोळा करतायत." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी फोन ठेवला तो रात्रभर जागाच होतो.

बाबू, स्कोप बंदुकीवर बसवलेला असतो. तुझा डोळा जिकडे, तिकडेच नळीचं तोंड. त्या म्हाताऱ्याची ओळख पटेपर्यंत तू त्याच्या अंगावर स्कोपमधली फुली धरून बसला होतास. आणि बंदूक कसली? ठासणीची. दुसऱ्या बंदुकीतलं काडतूस एका झटक्यात काढून खिशात टाकता येतं. आपल्या बंदुकीत सकाळी ठासलेली दारू आणि गोळी सहसा बार होईपर्यंत नळीतच बसलेली असते. ठिणगी देणारा प्रायमर लावलेला होता का? मला उत्तर नको. तुझं तू स्वतःला खरं उत्तर दे.

गावाकडच्या खालच्या वाडीतलं प्रकरण तुझ्या आईनं तुला सांगितलं असेलच. काजूच्या बागेत रात्री काहीतरी खसफसलं, डुक्कर समजून बार काढला आणि माणूस गेला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. गेलेला आपल्यातलाच आणि बार काढणाराही आपल्यातलाच. आपले आबा, तुझे आजोबा, दोन्ही घरी जाऊन बसले. परत आल्यावर त्यांनी आपली बंदूक फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, ती थेट खंडेनवमीला पूजेसाठीच खाली काढली. पुढेही ते रानात गेले, पण नुसती दारू ठासून, डुकरं हाकलण्यापुरता बार काढायला. गोळी त्यांनी पुन्हा भरली नाही. आपल्या घरात बंदूक आहे ती ही अशी, हे विसरू नकोस.

आता त्या स्कोपविषयी. 4 ते 16 पटीचा, पुढची काच 50 मिलिमीटरची, असं तूच मला अभिमानानं सांगितलं होतंस. तेव्हा मी गप्प बसलो, ती माझी चूक झाली. तुला वाटतं जितकी पॉवर जास्त तितकं जास्त दिसतं. मोठं दिसतं हे खरं, पण जास्त दिसत नाही. 16 पटीला शंभर यार्डांवर तुला साधारण सात फुटांची पट्टी दिसते, म्हणजे एक हरीण आणि त्याच्या पुढेमागे जेमतेम हातभर जागा. तेच हरीण तीस यार्डांवर असेल तर दोन फूट. दोन फुटांत तपकिरी केस दिसतात, हरीण दिसत नाही. ओहायोत हरणांच्या बंदुकीच्या हंगामात शिकारी कायद्यानं नारिंगी जाकीट घालतात, पण ते जाकीट त्या दोन फुटांच्या बाहेर असलं तर तुझ्यासाठी नसल्यातच जमा.

हे मी दुकानातल्या पत्रकात वाचून सांगत नाही. इथं अमेरिकेत माझं तिसरं वर्ष होतं. हॉकिंग हिल्सच्या बाजूला एका शेतकऱ्यानं त्याच्या रानात बसायची परवानगी दिली होती. माझ्याकडे 3 ते 9 पटीचा स्कोप होता. समोर माळ होता म्हणून सकाळपासून तो 9 वर फिरवून ठेवला होता. संध्याकाळी हरीण आलं ते माळावरून नाही, मागच्या ओहोळातून, तीस पावलांवर. स्कोप लावला तर सगळी काच केसांनी भरलेली. खांदा कुठला, पोट कुठलं, कळेना. पॉवर कमी करायला हात हलवला तर ते पळेल, ही भीती. आणि मी चाप ओढला.

पुढे नुसता धूर. ठासणीच्या बंदुकीत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची असते बाबू, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. दुसरा बार लगेच नसतो. दारू, गोळी, गज, प्रायमर, कितीही घाई केलीस तरी अर्धं मिनिट जातं. गोळी लागल्यावर हरीण कुबड काढतं की उसळतं, शेपटी खाली घालतं की वर, कोणत्या झाडाजवळून वळतं, हे त्या एका क्षणात डोळ्यात साठवून घ्यायचं असतं. तीन पटीला तीस यार्डांवर मला दहा फूट रान दिसलं असतं. नऊ पटीला धुराशिवाय काहीच दिसलं नाही. बर्फावर रक्त होतं, काळपट, गवताचे तुकडे मिसळलेलं. म्हणजे पोटात लागली होती. रात्री अकरापर्यंत बॅटरी घेऊन फिरलो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिरलो. सापडलं नाही. शेतकऱ्यानं विचारलं तेव्हा "नेम चुकला, लागलीच नाही," म्हणालो. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या मामीलासुद्धा नाही.

म्हणून सांगतो. 2 ते 7 पटीचा, 32 मिलिमीटरचा साधा स्कोप आपल्या रानाला पुष्कळ झाला. 3 ते 9 असेल तरी चालेल, पण बसताना आणि चालताना तो 3 वरच ठेव. लांबचं हरीण चरत असतं, तेव्हा पॉवर वाढवायला वेळ मिळतो. जवळ आलेलं हरीण कमी करायला वेळ देत नाही. चार पटीला शंभर यार्डांवरचं हरीण पंचवीस यार्डांवर असल्यासारखं दिसतं. त्याच्या छातीतली मर्माची जागा ताटलीएवढी असते. याहून मोठं दिसून करायचं काय? आणि हरणं फिरतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. 50 ला 16 नं भागलं तर डोळ्यात शिरणारा उजेडाचा ठिपका तीन मिलिमीटरचा येतो. 32 ला 4 नं भागलं तर आठ. त्या वेळी तुझी बाहुली सहासात मिलिमीटर उघडलेली असते. म्हणजे 16 पटीला महागाच्या काचेतून तुलाच काळोख जास्त दिसणार.

तुझ्या स्कोपात फुलीखाली जे ठिपके आहेत, ते दोनशे यार्डांसाठी म्हणून तू मला दाखवले होतेस. तुझ्यासारख्या स्कोपात ते बहुधा सगळ्यात मोठ्या पॉवरलाच खरे असतात. पॉवर बदलली की ठिपका तोच राहतो आणि गोळी दुसरीकडे जाते. शंभर यार्डांवर नेम बसवलेली आपली गोळी दोनशेवर फूटभराहून जास्त खाली येते. 1985 साली मिझुरीच्या टोनी नाइटनं एमके-85 काढली. नळीच्या सरळ मागून ठिणगी देणारी ती बंदूक गाजल्यापासून लोकांना ठासणीची बंदूक रायफलसारखी वाटू लागली. पण ती रायफल नाही. कोलोरॅडोत तर ठासणीच्या हंगामात स्कोप चालतच नाही, उघड्या डोळ्यांनी नेम धरावा लागतो. ही बंदूक जवळ जायला शिकवते. आबा वीस पावलांच्या आत आल्याशिवाय घोड्याला हात लावत नसत, आणि मारलेल्या डुकरांपेक्षा न काढलेले बारच आम्हाला जास्त सांगत.

वाचून तुझा चेहरा पडला असेल. मी फार बोललो. तू वाईट शिकारी नाहीस बाबू. गेल्या वर्षी पिल्लू सोबत होतं म्हणून तू बार काढला नाहीस, हे शेतमालकानं मला सांगितलं, तेव्हा मी ताईला मुद्दाम कुडाळला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आबांवर गेलाय. मी पण तेच म्हणतो. म्हणूनच तो लाकडं गोळा करणारा म्हातारा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला कळलंसुद्धा नसेल. त्यानं मोळी बांधली असेल आणि घरी गेला असेल.

या पत्राबरोबर माझी जुनी दुर्बीण पाठवतोय, आठ पटीची. पट्टा तुझ्या मामीनं नवीन शिवून दिलाय. रानात काय हललं ते बघायला ही. हरीणच आहे, मागे मोकळी माती आहे, आसपास कुणी नाही, हे पटल्यावर मगच बंदूक खांद्याला लाव. जानेवारीतल्या ठासणीच्या हंगामाच्या त्या चार दिवसांत मी तुझ्याकडे येतोय. माझी बंदूक आणणार नाही. हात थरथरतात आता, आणि तसंही मला काही मारायचं नाही. तुझ्या बाजूला बसेन, थर्मासमधला चहा देईन, दुर्बीण मी धरेन. तू फक्त मी सांगेन तिकडे बघ.

काही आलंच नाही तरी चालेल रे झिला. अंधार पडला की दोघं बरोबर घरी येऊ, एवढंच.

तुझा,
मामा